घर खाली आलं

झऱ्यापासून घरापर्यंतचा चढ जेवढा, तेवढंच एदेल्मिराचं गाणं. त्याहून लांब नाही, आखूड नाही. झऱ्यावर वाकली की पहिली ओळ, सफरचंदाच्या झाडाखाली दुसरी, मेंढरांच्या कुंपणापाशी तिसरी. आणि चौथी ओळ पायरीवर पाय पडता पडता संपायची.

झऱ्याचं गं पाणी, बादली भरू दे
सफरचंदाखाली, श्वास उतरू दे
कुंपणाच्या कडेला, वारा विचारू दे
दाराच्या पायरीला, माझं नाव उरू दे

हे गाणं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. लग्न होऊन ती या टेकाडावर आली, बादल्या वाहताना दम लागायला लागला, तेव्हा दमाला आधार म्हणून ते ओठांवर आलं आणि राहिलं. नवऱ्याची होडी परत आली नाही त्या हिवाळ्यात ते बंद पडलं होतं. पुढच्या वर्षी बटाट्याच्या लावणीला पुन्हा सुरू झालं. खालच्या रस्त्यानं जाणारा माणूस नुसत्या आवाजावरनं सांगायचा, म्हातारी कुठवर पोचलीय.

"सासू आहे का गं घरात?" कुणी दारातनं विचारलं, तर नोल्फा चुलीपुढनं न उठता कान द्यायची. "कुंपणापाशी आलीय. बसा, येईलच."

पृथ्वीच्या पार दक्षिणेला, चिलोएच्या बेटांवरचं पुल्केमो गाव म्हणजे एक देऊळ, एक शाळा, गावकीचा एक लाकडी हॉल आणि टेकाडांवर विखुरलेली घरं. पाऊस इथं पाहुणा नाही, घरचाच माणूस. त्या वर्षी बटाट्याची लावणी चालू असताना शहरातनं संशोधनाची माणसं आली आणि हॉलमध्ये उतरली. सत्तरी ओलांडलेल्यांचे पाय कशानं थकतात, आणि थकायच्या आत ते थांबवता येतं का, हे त्यांना बघायचं होतं. पुढारीण होती इग्नासिया. केस बांधलेली, पायात पांढरे बूट. गावात पाय ठेवल्या दिवशीच बूट चिखलाचे झाले, पण तिनं तोंड वाकडं केलं नाही, म्हणून बायकांना ती आवडली.

"हात छातीशी घडी घालायचे आणि खुर्चीतनं उठायचं," इग्नासियानं सांगितलं. "पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं."

"हात बांधून?" ओतिलिया म्हणाली. "आम्ही काय चोरी केलीय?"

सगळा हॉल हसला. ओतिलिया एदेल्मिराची शेजारीण. एदेल्मिराच्या मुलाला, आर्सेनियोला, बाप्तिस्म्याच्या वेळी तिनं हातांवर घेतलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. सख्ख्या बहिणींपेक्षा ते नातं घट्ट.

एदेल्मिरा उठली, बसली, उठली. मग जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरनं चालायचं होतं. तिथं ती अडखळली. शेताच्या बांधावर पळणारी बाई, पण त्या गुळगुळीत फळ्यांवर पाय जपून जपून टाकत होती.

"दुखतंय का काही, आजी?"

"दुखत नाही. सपाटीवर पाय कुठं टाकायचा तेच कळेना. इथं जमीन पायाला काही विचारतच नाही, पोरी."

इग्नासिया हसली, पण तिनं नोंद केली. मग म्हणाली, "आम्हाला अशीच माणसं हवी आहेत. आज चालतात, पण उद्याचा भरवसा नाही अशी."

"बघ, म्हणजे अर्धी मेलेली," एदेल्मिरा ओतिलियाच्या कानात म्हणाली.

दोन गट पडणार होते. एका गटाला वर्षभर व्यायाम. दुसऱ्याला खाण्यापिण्यावर, झोपेवर, जपून राहण्यावर माहितीची भाषणं. कोण कुठल्या गटात, ते यंत्र ठरवणार. माणसाचा हात त्यात नाही. ओतिलियाच्या वाट्याला व्यायाम आला. एदेल्मिराच्या वाट्याला भाषणं.

"हिला नाच आणि मला प्रवचन?" एदेल्मिरा खरंच रागावली. "उलटं कर की. हिला ऐकायला आवडतं."

"तसं करता येत नाही, आजी. आम्ही आमच्या मनानं निवडलं, तर व्यायामानं फरक पडला की माणूसच मुळात चांगला होता, हे कधी कळणारच नाही. पुढच्या वसंतात व्यायामाची पाळी तुमची. तोवर त्या वर्गात बसायचं नाही, एवढा शब्द द्या."

"दिला," एदेल्मिरा म्हणाली. शब्द द्यायला तिला वेळ लागायचा नाही. मोडायला मात्र तिला कधी जमलं नव्हतं.

ओतिलिया वर्गातनं परत येताना टेकाडाखालनं हाक मारायची. "कोमाद्रे! आज पायांना वाळूच्या पिशव्या बांधल्या गं! आणि हॉलची पायरी चढ-उतर, चढ-उतर. जन्मभर बटाट्याच्या पाट्या वाहिल्या, आता म्हातारपणी वाळू वाहायची!"

"मग तुझ्या पिशव्या माझ्या अंगणात आणून ओत," एदेल्मिरा वरनं ओरडायची. "मेंढरांच्या पायाखाली चिखल झालाय."

उन्हाळ्याच्या तोंडाला, सगळे गवत कापायच्या घाईत असताना, उत्तरेचा वारा फिरला आणि पावसानं ठाण मांडलं. चढावरची लाल माती साबणासारखी झाली. एदेल्मिरा झऱ्यावरनं येत होती. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ नोल्फाला अर्धीच ऐकू आली.

ती धावत गेली तेव्हा सासू सफरचंदाच्या बुंध्याशी कुशीवर पडली होती. बादली गडगडत पार खाली गेलेली.

"हाड नाही मोडलं," एदेल्मिरा म्हणाली. तोंडावर चिखल होता. "आधी बादली बघ. फुटली काय?"

कंबरेखाली सगळी बाजू काळीनिळी झाली. आठवडाभर ती कुशीवर झोपली, मग काठी धरून उठली, आणि पुन्हा चढउतार करायला लागली. गाण्यात मात्र आता खंड पडायचा. सफरचंदाखाली ती उभी राहायची आणि दुसरी ओळ दोनदा म्हणायची.

आर्सेनियो तेव्हा घरी नव्हता. तो साल्मन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला होता. काही आठवडे पाण्यावर, काही आठवडे घरी. परत आला तेव्हा त्यानं आईची कंबर बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. बाप समुद्रानं नेलेला. एकुलता एक मुलगा. आई पडली तेव्हा तो माशांना दाणे टाकत होता.

"मला कळवायचं नाही का?" तो बायकोवर चिडला.

"कसं कळवू? माशाच्या कानात सांगून?" नोल्फा म्हणाली.

त्याच सुट्टीत हॉलमध्ये भाषण होतं. घरच्यांनाही बोलावलं होतं. इग्नासियानं भिंतीवर चित्रं दाखवली. चित्रांत शहरातली घरं होती: चकचकीत फरशी, दुमडलेला गालिचा, न्हाणीतला टब, अंधारा जिना.

"म्हातारं माणूस एकदा पडलं की पुन्हा पडतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा पडलं की कधीकधी उठत नाही. म्हणून घरातल्या पडायच्या जागा शोधा. आणि पडायच्या आधीच त्या काढून टाका. एवढं एक काम घरी गेल्या गेल्या करा."

परत येताना आर्सेनियो आणि नोल्फा चढाखाली थांबली. वर त्यांचं घर दिसत होतं. लाकडी खुंटांवर उभं, भिंतींना लाकडाचे खवले, पावसानं राखाडी झालेले. धुराड्यातनं धूर येत होता.

"आपल्याकडं गालिचा नाही," नोल्फा म्हणाली.

"टब नाही."

"जिना नाही."

आर्सेनियो चढाकडं बघत राहिला. सफरचंदाखाली आई घसरली होती, तिथला ओरखडा मातीत अजून दिसत होता.

"पडायची जागा ही आहे," तो म्हणाला. "आणि ही काही काढता येत नाही."

"मग?"

"मग घर काढू."

दुसऱ्या कुठल्या गावात हे बोलणं वेडेपणाचं ठरलं असतं. पुल्केमोत नाही. इथं घर म्हणजे झाडासारखी जागेला चिकटलेली वस्तू नव्हे. देवळापाशी जायचंय, भावाशेजारी जायचंय, घर ओंडक्यांवर चढवायचं, बैल जुंपायचे आणि न्यायचं. त्या कामाला मिंगा म्हणतात. त्याला मजुरी नसते. मालक दारोदार जाऊन विनवतो, गाव येतं, आणि मालक गावाला पोटभर जेवू घालतो.

आर्सेनियो आणि नोल्फा दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. प्रत्येक दारात त्यानं टोपी काढली, रीतीप्रमाणं खाली बघून विनंती केली. पहिल्यांदा बैलांचे मालक, दामियान काका.

"आईसाठी आहे," आर्सेनियो म्हणाला.

"मग विचारतोस कशाला, गाढवा?" दामियान काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "अशी पोरं आता उरली नाहीत."

सगळ्या गावानं तेच म्हटलं. असा मुलगा हवा. संध्याकाळी दोघं घरी आली ती त्या कौतुकानं भिजून. एदेल्मिरा चुलीशी बटाटे सोलत होती.

"आई, आपण घर खाली नेतोय. रस्त्याच्या कडेला, सपाटीवर. आता तुला चढायला नको, काही नको."

सुरी थांबली. "कुणाकुणाला विचारलंस?"

"सगळ्यांना."

"मग?"

"सगळे हो म्हणाले."

एदेल्मिरानं पुढचा बटाटा उचलला. माणसं हो म्हणाली, बैल मिळाले, आणि घरच्या बाईनं मग नको म्हटलं, असं या किनाऱ्यावर कुणी ऐकलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं कधी दिलेलं बोलावणं मागं घेतलं नव्हतं, सासऱ्यानं घेतलं नव्हतं. मुलाला सगळ्या दारांतनं पुन्हा फिरवायचं, टोपी काढून, 'आई नको म्हणते' म्हणून? लोक वाईट बोलणार नाहीत. पण पुढच्या वेळी हाक मारली तर जरा उशिरा येतील.

"मेंढरू कुठलं कापणार?" तिनं विचारलं.

आर्सेनियोला वाटलं, आईला आनंद झालाय.

फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, जमीन वाळली तेव्हा मिंगा झाली. आदल्या दिवशी घर रिकामं केलं. चूल, पलंग, देवाची तसबीर, सगळं अंगणात आलं. खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या. पहाटेपासून पुरुष पहारी लावून घर खुंटांवरनं उचलत होते. तासून ठेवलेले दोन लांब ओंडके खाली सरकवले. पुढं बैलांच्या जोड्या ओढायला, मागं जोड्या धरून ठेवायला, कारण उताराला घर सुटलं तर थेट समुद्रात जाईल.

"एदेल्मिरा, आत बस की!" दामियान काका ओरडले. "फुकट गाडी आहे!"

"मी मागनं चालत येते," ती म्हणाली.

"मयताला आल्यासारखी?"

सगळे हसले. ती हसली नाही.

"हाऽऽ!" काका ओरडले. बैलांच्या माना खाली गेल्या. दोर ताठ झाले, लाकूड कण्हलं, आणि घर हललं. आधी एक धक्का, मग डुलत डुलत ते उताराला लागलं, जशी होडी वाळूवरनं पाण्यात उतरते. पोरं ओरडली. सफरचंदाच्या झाडापाशी छपराचा कोपरा अडकला, तेव्हा कुणीतरी कुऱ्हाड आणली आणि घराकडची फांदी तोडली. कच्ची सफरचंदं उतारावरनं टपाटपा खाली पळाली.

एदेल्मिरा घराच्या मागनं चालत होती. ओंडक्यांनी ओढलेल्या चऱ्यांमधनं, उकरलेल्या मातीवरनं, काठी न टेकता. तिचे पाय नेमके पडत होते. तोंडानं मात्र ती गप्प होती. तिचं गाणं चढायचं होतं. उतरताना म्हणायला तिच्याकडं काही नव्हतं.

संध्याकाळी घर रस्त्याच्या कडेला नव्या खुंटांवर बसलं. खड्ड्यात तापल्या दगडांवर, रुंद पानांखाली शिंपले, मांस, बटाटे वाफवले होते. सफरचंदाची दारू फिरली. अकॉर्डियन वाजलं. ओतिलिया नाचली, आणि लोक म्हणाले, बघा, वाळूच्या पिशव्यांचा गुण!

"आता मजा आहे तुझी, कोमाद्रे," ती धापा टाकत एदेल्मिराशेजारी बसली. "नळ दारात. राणीसारखी बस."

"बसते," एदेल्मिरा म्हणाली.

आणि ती बसली.

पहिल्यांदा तिनं सवयीनं बादली उचलली. नळ दाराशीच होता. बादली भरून आत यायला पहिल्या ओळीचे दोन शब्दही पुरत नव्हते. दुकानाची गाडी दारासमोर थांबायची. बटाट्याची काढणी आली. शेत वरच राहिलं होतं. एदेल्मिरानं कुदळ काढली, तेव्हा नोल्फा समोर आली.

"आई, तुम्ही नका. एवढं घर खाली आणलं ते कशाला मग? गावाला काय वाटेल?"

"मी सावकाश जाते गं."

"तुम्ही बसा. मी आणून देते, तुम्ही निवडा."

नोल्फा वाईट सून नव्हती. म्हणूनच तिच्यापुढं काही चालायचं नाही. तिनं पाट्या खाली आणल्या, आणि एदेल्मिरा खिडकीशी बसून बटाटे निवडायची: जांभळे वेगळे, लाल वेगळे, बियाण्याचे वेगळे. मातीचा वास नाकापर्यंत यायचा, पायांपर्यंत नाही.

हिवाळा लागला. पाऊस दिवसदिवस खिडकीवर बसून राहायचा आणि खिडकीच्या आत ती. आधी खुर्चीतनं उठताना ती टेबलावर एक हात टेकायला लागली. मग दोन्ही. मग उठताना 'नोल्फा' म्हणायला लागली. मांड्या सैल पडल्या. मोजे ढिले होऊन घोट्याशी गोळा व्हायचे. संडास घरामागं चार पावलांवर होता. जुलैच्या थंडीत तिथवर पोचायच्या आत दारातच तिचा घागरा ओला झाला. नोल्फानं रोजचं धुणं धुवावं तसा तो लोकरीचा घागरा गरम पाण्यात धुतला, आणि संध्याकाळी पलंगाशेजारी एक बादली आणून ठेवली.

एदेल्मिरानं बादली ओळखली. झऱ्यावरची. ती पडली तेव्हा गडगडत गेलेली, एका बाजूला पोचा आलेली.

ती रात्रभर भिंतीकडं तोंड करून निजली.

ओतिलिया अजून वर्गाला जायची. एकदा पावसातनं ताठ चालत आली, दाराची कडी लावली आणि हळूच म्हणाली, "कोमाद्रे, उठ. मी शिकवते. खुर्चीचा एक प्रकार आहे, पिशव्यांचा एक आहे. कोण बघतंय?"

"नको."

"अगं, पाय गेले तुझे!"

"मी त्या पोरीला शब्द दिलाय. वसंतापर्यंत व्यायाम नाही. तिचं सगळं काम वाया जाईल."

"तुझ्या शब्दाला काय करायचंय? चाटायचंय?" ओतिलिया रडायला लागली. "हट्टी मेली!"

"माझी पाळी येईल की," एदेल्मिरा म्हणाली.

पाळी आली. लावणीचे दिवस आले, टेकाडावर पिवळी फुलं फुटली, आणि उन्हाळ्यापासून शहरात असलेली इग्नासिया वर्षाअखेरची तपासणी करायला घरोघर फिरू लागली. एदेल्मिराकडं ती आली तेव्हा तिचे बूट गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं भरलेले होते.

"मी वर जाऊन आले," ती दारातच म्हणाली. धाप लागली होती. "तिथं नुसते खुंट उभे आहेत. मला वाटलं... घर कुठं गेलं म्हटलं."

आर्सेनियो त्या आठवड्यात घरी होता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली. घर खाली आणून चुकलं की काय, ही हिवाळाभराची शंका त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती; ती कुणीतरी खोडून काढावी म्हणून तो घाईनं बोलला.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई. पडायच्या जागा काढून टाका. आम्ही काढली. खाली आल्यापासनं आई एकदासुद्धा पडली नाही."

इग्नासियानं खिडकीतनं वर बघितलं. एका अंगानं तोडलेलं सफरचंदाचं झाड दिसत होतं.

"मी गालिच्यांबद्दल बोलत होते," ती म्हणाली.

चुलीत लाकूड तडकलं. आर्सेनियो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला, जसा तो त्या दिवशी सगळ्या दारांत उभा होता.

इग्नासियानं जमिनीवर पट्टी चिकटवली; चुलीपासून खिडकीपर्यंत. एदेल्मिराला हात बांधून खुर्चीतनं उठता आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग नोल्फानं उचलून उभी केली, आणि ती भिंत धरून पट्टीवरनं निघाली. अर्ध्यावर थांबली.

"राहू दे, आजी."

"थांब. पोचते." ती पोचली नाही.

नोल्फानं तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. इग्नासिया तिच्यापुढं जमिनीवरच बसली, कागद बाजूला ठेवून.

"चालणं का सोडलंत?"

"कुठं चालू? नळ दाराशी, रस्ता दाराशी, दुकान दाराशी. सगळंच मला भेटायला आलं. मग मी कुणाला भेटायला जाऊ?"

"निदान ओतिलियाबाईंबरोबर घरात थोडं..."

"तुला शब्द दिला होता ना."

"आजी," इग्नासिया म्हणाली, "तो शब्द वर्गापुरता होता. घरी चालू नका, असं मी कधी... तुम्ही एकदा विचारायचंत."

"तूही एकदा वर यायचंस," एदेल्मिरा म्हणाली. रागानं नव्हे. शेजारणीला म्हणावं तसं.

मग तीच हसली आणि म्हणाली, "ओतिलियाला काय काय करायला लावलंत गं तुम्ही? पायांना वजन बांधून पायरी चढायची, उतरायची?"

"हो."

"बघ. आणि मी तेच करत होते, तर माझ्या पोरानं मला त्यातनं सोडवली."

आर्सेनियो उठून बाहेर गेला.

तो सरळ दामियान काकांकडं गेला. काका अंगणात लाकूड फोडत होते. घर परत वर नेता येईल का, त्यानं विचारलं.

काकांनी कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवली. "उताराला घर आपल्या वजनानं येतं, पोरा. चढाला ते वजनच वैरी होतं. आणि बैल कुठं आहेत? माझी थोरली जोडी विकली मी. ट्रॅक्टर लावलास तर या जुन्या लाकडाचे दोन तुकडे होतील."

"दुसऱ्या गावातनं बैल आणू."

"आणि लोकांना काय सांगशील? आईसाठी खाली आणलं, आता आईसाठीच वर न्यायचं? येतील रे. हसतील आणि येतील. पण तू ज्या आईसाठी नेणार, ती आता वरनं खाली कशी उतरणार?"

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मीही हाऽऽ म्हणून बैल हाकले. मलाही काय कळलं होतं?"

व्यायाम सुरू झाला. इग्नासियाचा माणूस घरी यायचा. एदेल्मिरा खुर्चीच्या कडेला येऊन बसायची, दात दाबून उठायचा प्रयत्न करायची. कधी उठायची, कधी नाही. "पेरायच्या दिवसांत पेरलं नाही, आता उगवण बघतोय आम्ही," ती त्या माणसाला म्हणायची, आणि त्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. थोडी ताकद आली. पलंगाशेजारची बादली मात्र निघाली नाही. इग्नासियानं लपवलं नाही: गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही, आजी. एदेल्मिरानं तिला मान हलवून दाद दिली, जणू पोरगी एका परीक्षेत पास झाली.

आर्सेनियोची सुट्टी पुन्हा आली, तेव्हा तो पहाटेच कुदळ घेऊन चढाला लागला. वरचे जुने खुंट त्यानं उपटले. घराच्या जागी गवत फिकट उगवलं होतं, घराच्याच आकाराचं. खुंट त्यानं एकेक करून खाली आणले आणि चढाच्या वाटेवर अंतराअंतरानं रोवले, धरायला. मधली माती खणून पायऱ्या पाडल्या. नोल्फानं विचारलं, "काय करताय?" तो म्हणाला, "काही नाही. वाट." तिनं पुढं विचारलं नाही. दुपारी भाकरीसारखा बटाट्याचा पाव आणि गरम दूध वर नेऊन दिलं.

एदेल्मिरा खिडकीतनं बघत होती. तिसऱ्या दिवशी, ऊन पडलं होतं तेव्हा, ती नोल्फाला म्हणाली, "बूट घाल मला."

"कुठं, आई?"

"घाल तर."

बूट मोठे झाले होते. नोल्फानं आत लोकर कोंबली. एक हात नोल्फाच्या खांद्यावर, एका हातात काठी, अशी ती रस्ता ओलांडून झऱ्याशी आली. तेवढं अंतर कापेपर्यंत ऊन एका दगडावरनं दुसऱ्या दगडावर गेलं. झऱ्याशी आर्सेनियोनं पहिला खुंट रोवला होता. तिच्याच घराच्या चुलीखालचा. एका बाजूनं काळा. तिनं तो ओळखला, हातानं चाचपला, आणि त्याला टेकून उभी राहिली.

आर्सेनियो वर सफरचंदाच्या झाडाखाली होता. पाठमोरा, पायरी खणत. तोडलेल्या फांदीच्या जागेवरनं एक कोवळी डहाळी फुटली होती. खालनं आवाज आला. बारीक, चिरका, पण तिचाच.

झऱ्याचं गं पाणी, बादली भरू दे

त्याची कुदळ थांबली. तो वळला नाही. वळला तर आई लाजेल, थांबेल, असं त्याला वाटलं. कुदळ तशीच हवेत अर्धवट धरून तो उभा राहिला. समुद्रावरनं वारा आला, गवतातनं वर चढला, झाडातनं गेला.

सफरचंदाखाली तो दुसऱ्या ओळीची वाट बघत राहिला.

खालनं नोल्फाचा आवाज आला. "चला आई. आत जाऊ."